फॉरमॅट मारायचा की दोष शोधायचा?

कॉम्प्युटर अडायला लागला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारून टाक, मोकळा हो." फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. दुसराही रस्ता असतो. दोष नेमका कुठे आहे ते हुडकायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं. तो फारसा कुणी सुचवत नाही, कारण किती वेळ जाईल ते आधी सांगता येत नाही. मी दोन्ही करून पाहिलंय. माझं काम टायपिंग, डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणं) आणि लग्नपत्रिकांचं. मशीन दिवसाला दहा तास चालू असतं. तुमच्याकडे नुसता ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास असेल तर तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येऊ शकतं, हे आधीच मान्य करतो.

फॉरमॅटच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पेन ड्राइव्हवरून एसएसडीवर (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कवर) विंडोज टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. खर्च आधी कळतो. आमच्याकडे घरी येऊन करून देणारे चार-पाचशे रुपये घेतात. व्हायरस खोलवर शिरला असेल तर एकेक फाइल तपासत बसण्यात अर्थ नाही, तिथे मीही फॉरमॅटच मारीन. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतानाही मी विंडोज नव्यानेच टाकतो. मशीन दुसऱ्याला देऊन टाकायचं असेल तर प्रश्नच मिटला. आणि फॉरमॅटनंतरचे पहिले काही दिवस मशीन इतकं हलकं चालतं, की एवढे दिवस आपण उगाच सहन केलं असं वाटतं.

त्या पहिल्या दिवसांवर माझाही विश्वास बसला होता. ऐन लग्नसराईत मशीन सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागायला लागली. कोरलड्रॉ (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) उघडला की माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. बोलावलेल्या माणसाने पाच मिनिटं पाहिलं, "विंडोज करप्ट झालंय" म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत फॉरमॅट करून दिला. बारा दिवस छान गेले. तेराव्या दिवशी तेच दुखणं पुन्हा सुरू. टास्क मॅनेजर (मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडला तर डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला, आणि त्या वेळी मी काहीही उघडलेलं नव्हतं. मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. पिवळ्या चौकटीत 'कॉशन', आणि खाली 'करंट पेंडिंग सेक्टर'च्या रकान्यात शून्य असायला हवं तिथे आकडा. डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे छोटे भाग, वाचलेच जात नव्हते. क्विक फॉरमॅट डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचून पाहत नाही, त्यामुळे मरत चाललेल्या डिस्कवर नवीकोरी विंडोज बसली एवढंच झालं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तरी पाचशे रुपये गेले याचं मला फारसं वाटलं नाही. माझा कौल ठरला तो फॉन्टवर.

आमच्या धंद्यातल्या जुन्या फाइल युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची ठरलेली जागा देणाऱ्या पद्धतीच्या, नाहीत. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे सुरेख, योगेश असे फॉन्ट, कृतिदेव, शिवाजी, शिवाय जुन्या मालकांकडून आलेले कसलेकसले. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट मशीनवर असेल तोवर ते मराठी. फॉन्ट गेला की 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा. फॉरमॅट करणाऱ्याने माझं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सगळं नीट उतरवून घेतलं होतं, त्याचा प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. पण सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर कुणी उतरवून घेत नाही, आणि मीही सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांच्या पत्रिका जागेवर होत्या आणि एकही वाचता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या मित्राकडून फॉन्ट आणले. नाव तेच, पण आवृत्ती निराळी असावी. पत्रिका उघडली, मराठी दिसलं, जीव भांड्यात पडला. छापायच्या आधी नवरीचे वडील प्रूफ बघायला आले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि 'आशीर्वाद' शब्दावर बोट ठेवलं. 'वा'वरचा रफार सरकून 'द'च्या डोक्यावर गेला होता. "दादा, परवा तर बरोबर होतं की हे," एवढंच म्हणाले. नंतर पाहिलं तर प्रत्येक फाइलमध्ये रफार, उकार आणि जोडाक्षरं मागेपुढे झालेली. जुनी कुठलीही पत्रिका नव्याने छापायची म्हटलं की ओळ न् ओळ वाचावी लागे. हे काम पुढे अडीच महिने पुरलं. त्यात प्रिंटरचे कागदाचे माप नव्याने बसवणं, कीबोर्डचा लेआउट, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते उपकरण विंडोजला ओळखू देणारं सॉफ्टवेअर), हे धरलेलंच नाही. फॉरमॅट अर्ध्या तासात होतो हे खरं, पण मशीन पुन्हा आपलं व्हायला किती दिवस लागतात ते कुणी मोजत नाही.

आता दोष शोधण्याची बाजू. हिच्यात वेळ बेभरवशाचा जातो, आणि काही वेळा संध्याकाळभर बसून हाती काही लागत नाही. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तक्रारींना फॉरमॅट हे औषधच नव्हतं. मेहुण्याच्या मशीनवर बँकेच्या, सरकारी अशा कुठल्याच साइट उघडेनात. 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी यायची. फॉरमॅटची वेळही ठरली होती. माझी नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली: तारीख कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपला होता. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, चपट्या नाण्यासारखा, पन्नास रुपयांच्या आत मिळणारा. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं. तिथे दहा वेळा विंडोज टाकली असती तरी वीज बंद केली की घड्याळ पुन्हा मागे गेलं असतं.

पंखा फिरतोय, बीप वाजतोय आणि पडदा काळा, हे पावसाळ्यातलं नेहमीचं. वायर काढून, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मग रॅम (मेमरीची पट्टी) काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून शाळेचं खोडरबर हलकं फिरवायचं, भुगा झटकायचा आणि दोन्ही टोकांचे चाप 'टक्' म्हणेपर्यंत दाबून बसवायची. उन्हाळ्यात पंधरा मिनिटांत मशीन आपोआप बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचं हीटसिंक (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बघा. तिथे धुळीची गादी साचलेली असते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

दोष विंडोजमध्येच आहे असं वाटत असेल, तर मी आधी सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरती विंडोज सुरू करून, मशीन चालवून बघतो. तिथे ठणठणीत चाललं तर संशय एखाद्या ड्रायव्हरवर किंवा सॉफ्टवेअरवर. तिथेही रखडलं तर बहुधा हार्डवेअरवर. हा ढोबळ अंदाज आहे, पण मला बऱ्याचदा उपयोगी पडलाय. आणि स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की एक आलेख उघडतो, तो लोकांना ठाऊक नसतो. कुठल्या तारखेला काय कोसळलं ते लाल फुलीने दिसतं. माझ्या एका मशीनवर फुल्या सुरू झाल्या तो दिवस नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकल्याचा निघाला. ड्रायव्हर काढला, फुल्या थांबल्या.

१९ जुलै २०२४ आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं. कारण कळल्यावर काम कितीसं उरतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

मधले मार्गही आहेत. विंडोजमधलं 'रिसेट', 'कीप माय फाइल्स' निवडून केलं तर फाइल राहतात. पण टाकलेली सॉफ्टवेअर जातात, म्हणून माझ्यासाठी ते फॉरमॅटचंच धाकटं भावंड. त्यापेक्षा विंडोज ११ च्या रिकव्हरीमध्ये विंडोज अपडेटमधून 'रीइन्स्टॉल नाऊ' असा जो पर्याय येतो तो मला जास्त पटला. त्यात सॉफ्टवेअर, फाइल, सेटिंग राहतं आणि विंडोज तेवढी नव्याने बसते. जुन्या मशीनवर फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज १०च पडणार असेल, तर तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय हेही धरा.

म्हणून मी माझ्यापुरता नियम केलाय: दोष शोधायला एक संध्याकाळ द्यायची. डिस्कची तब्येत, तारीख, उष्णता, रॅम, लाल फुल्या, मग 'रीइन्स्टॉल नाऊ'. एवढ्यावर नाही भागलं तर फॉरमॅट, आणि मग मनात किंतू नको. गेल्या चार वर्षांत माझ्यावर ती पाळी एकदाच आली. तुम्हाला संध्याकाळ काढणं शक्य नसेल आणि मशीनवर जपण्यासारखं काही नसेल, तर सरळ फॉरमॅटला द्या, माझी काही हरकत नाही.

फक्त द्यायच्या आधी सी ड्राइव्हमधून विंडोज, मग फॉन्ट्स, ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. आणि एक जुनी मराठी फाइल पीडीएफ करून सोबत ठेवा, म्हणजे परत आल्यावर रफार जागेवर आहे का ते ताडून पाहता येईल.