कांगारू आणि किमोनोच्या पलीकडची चार पुस्तकं

परदेशांची ओळख करून देणारी मुलांची बहुतेक पुस्तकं मला पसंत पडत नाहीत. ऑस्ट्रेलिया म्हटलं की कांगारू, बूमरँग आणि सिडनीचं ऑपेरा हाउस. जपान म्हटलं की किमोनो, फुजी पर्वत आणि चेरीची फुलं. पान उलटलं की देश संपला! तिथलं मूल सकाळी उठून काय खातं, कोणाशी भांडतं, त्याच्या गल्लीत कोण राहतं, याचा पत्ताच नसतो. ठाण्यात आमच्या सोसायटीत मी मुलांचं छोटंसं वाचनालय चालवते. तिथे असं पुस्तक ठेवायचं की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: वाचणाऱ्या मुलाला त्या देशात एखादा दिवस राहून आल्यासारखं वाटतं का? या कसोटीला उतरलेल्या चार पुस्तकांबद्दल लिहिते.

सगळ्यांत आधी ‘माय प्लेस’. लेखिका नादिया व्हीटली, चित्रं डॉना रॉलिन्स यांची. ब्रिटिश वसाहतीला १९८८ मध्ये दोनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने ऑस्ट्रेलियात सोहळ्यांची धामधूम चालली होती. त्याच्या थोडं आधी, १९८७ मध्ये हे पुस्तक आलं. सिडनीतली एकच जागा. १९८८ पासून दहा-दहा वर्षं मागे जात आपण १७८८ पर्यंत पोचतो आणि दर टप्प्यावर तिथे राहणारं एक मूल आपली जागा दाखवतं. १९८८ मधली लॉरा मूळ रहिवाशांच्या घरातली. मागे जाता जाता ग्रीक कुटुंबातली सोफिया भेटते, जर्मन घरातली मिना भेटते, ब्रिटनमधून कैद्यांना घेऊन आलेल्या जहाजांचा काळ येतो. शेवटी १७८८ मध्ये बारांगारू, तीही मूळ रहिवाशांतलीच. दोनशे वर्षांचे सगळे नवे लोक या दोघींच्या मधे येतात. जमीन कोणाची होती, हे लेखिकेला वेगळं समजावून सांगावंच लागत नाही.

या पुस्तकाचा जीव आहे त्यातल्या नकाशांत. प्रत्येक मूल आपल्या परिसराचा नकाशा स्वतःच्या हाताने काढतं. एक मोठं झाड प्रत्येक नकाशात आहे. लॉराच्या काळातला कालवा मागे जाता जाता वाहता ओढा होतो, घरं विरळ होतात, रस्ते नाहीसे होतात. आमची मुलं बोट ठेवून ते झाड शोधत बसतात. पुस्तक वाचून झाल्यावर मी त्यांना आपापल्या जागेचा नकाशा काढायला सांगितला आणि घरातल्या मोठ्यांना विचारून यायला सांगितलं. एक मुलगी दुसऱ्या दिवशी धावतच आली. “मावशी, आपलं पार्किंग आहे ना, तिथे भाताची खाचरं होती! आणि विहीरपण! आजी म्हणाली.” तिच्या नकाशात आता विहीर आहे, आणि बाकीच्यांनीही ती आपापल्या नकाशात घेतली आहे.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि नकाशांतली अक्षरं बारीक आहेत. घटना उलट्या क्रमाने येत असल्यामुळे लहान मुलं गोंधळतात, शेजारी कुणी मोठं बसलेलं बरं. आठ वर्षांच्या पुढे द्यावं. बाहेरून मागवावं लागतं म्हणून महागही पडतं. तरीही मी ते पुन्हा घेईन.

मेम फॉक्स यांचं ‘पॉसम मॅजिक’ (१९८३) तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी. चित्रं ज्युली व्हिव्हस यांची. पॉसम म्हणजे ऑस्ट्रेलियातला झाडांवर राहणारा छोटा प्राणी. आजी पॉसम आपल्या नातीला, हशला, सापांपासून वाचवण्यासाठी अदृश्य करते. मग हशला स्वतःला बघावंसं वाटतं, आणि उतारा शोधत दोघी माणसांचं खाणं खात देशभर फिरतात. डार्विनमध्ये व्हेजिमाइट (यीस्टचा खारट लेप) लावलेलं सँडविच खाल्ल्यावर शेपटी दिसू लागते, पर्थमध्ये पाव्लोव्हा (अंड्याच्या पांढऱ्याचा गोड केक) खाल्ल्यावर पाय आणि अंग, आणि होबार्टमध्ये लॅमिंग्टन खाल्ल्यावर डोकं. लॅमिंग्टन म्हणजे चॉकलेटमध्ये बुडवून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवलेला स्पंज केकचा तुकडा. खोबऱ्याचा किस म्हटल्याबरोबर आमच्याकडच्या पोरांना ऑस्ट्रेलिया एकदम ओळखीचा वाटू लागला. मात्र या गोड सफरीत मूळ रहिवासी कुठेच भेटत नाहीत. ही उणीव मोठी आहे.

म्हणून मी त्याच्या जोडीला ‘द रेनबो सर्पंट’ देते. ते १९७५ मध्ये आलं. लेखक-चित्रकार डिक रफसी, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मॉर्निंग्टन बेटावरचे, लार्डिल या मूळ रहिवाशांच्या समाजातले. आपल्या माणसांना शोधत निघालेला गूरिआला नावाचा महासर्प जिथून सरपटतो तिथे दऱ्या आणि ओढे तयार होतात. मुलांना वाचून दाखवताना घाई करू नका, आणि ‘परीकथा’ असं लेबल तर मुळीच लावू नका. ती मूळ रहिवाशांची सृष्टिकथा आहे, त्या मानाने वाचावी.

आशियातलं एकच पुस्तक सुचवायचं तर जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचं, स्वतःच्या लहानपणच्या शाळेवरचं ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे आणि तो आपल्या खिशाला परवडतो. भाषा इतकी सहज की मुलं आपली आपण वाचत जातात. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा सगळ्यांना ठाऊक असते, पण मला त्यातली जेवणाची सुट्टी सर्वांत प्रिय आहे. मुख्याध्यापक कोबायाशी पालकांना एवढंच सांगतात की डब्यात थोडं समुद्रातलं (मासे वगैरे) आणि थोडं डोंगरावरचं (भाजी, मांस वगैरे) द्या. सुट्टीत ते प्रत्येकाचा डबा बघत फिरतात, आणि मागून त्यांच्या पत्नी दोन भांडी घेऊन येतात. ज्याच्या डब्यात जे नसेल ते त्या वाढतात. डबा साधा आहे म्हणून कोणाला खाली मान घालावी लागत नाही, आणि जपानी घरातलं रोजचं जेवणही कळून जातं. शाळेत डब्यावरून चिडवाचिडवी सोसणाऱ्या मुलाला हे प्रकरण जरूर वाचून दाखवा.

काही पालक शेवटचा भाग, १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात शाळा जळते तो, गाळून टाकतात. माझी विनंती आहे की गाळू नका. जळणाऱ्या शाळेकडे बघत कोबायाशी आपल्या मुलाला विचारतात की आता पुढची शाळा कशी काढायची. आमच्या मुलांनी त्यावर तासभर वाद घातला होता, आणि पुढची शाळा बसमध्ये भरवावी की बोटीत, यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.