लवदार की गुळगुळीत? दोन घटपर्णी

घटपर्णी म्हणजे घटासारख्या पानांत किडे पकडणारी वनस्पती. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची नेपेंथिस विलोसा सुमारे 3,200 मीटरपर्यंत चढते. तिचं खोड, तणावे आणि घटांची बाहेरची बाजू तांबूस-तपकिरी लवेनं भरलेली असते. मेघालयातल्या नेपेंथिस खासियानाला (गारो भाषेत मेमांग-कोकसी, म्हणजे भुताची टोपली) लव जवळजवळ नसतेच.

ही लव किड्याला घसरवत नाही. किडा घसरतो तो घटाच्या ओल्या काठावरून. बाहेरची दाट लव बहुधा पृष्ठभागालगत हवेचा स्थिर थर धरून ठेवते, त्यामुळे वाऱ्यात पाणी कमी उडतं. उंचावरचं प्रखर ऊनही थोडं अडत असावं. कोवळ्या शेंड्यावर ती सर्वांत दाट असते, बहुधा जपायचं तेच असतं म्हणून.

पण कुंडीत हीच लव डोकेदुखी ठरते. हवा खेळती नसेल तर तिच्यात पाणी अडकून बुरशीचे काळे डाग पडतात. पिठ्या ढेकूण तळाशी लपतात, फवारा पोचत नाही. मऊ ब्रश लागतो. खासियानाचं पान ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

दोघींना पावसाचं पाणी, स्फॅग्नम (एक प्रकारचं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांचं मिश्रण द्या; त्यात खत नकोच. विलोसाला रात्री 10 अंशांच्या आसपास गारवा हवा. महाराष्ट्रात खासियानाच घ्या, तीही रोपवाटिकेत वाढवलेली. जंगलातली उपटणं गुन्हा आहे.