मायस्थेनियावाल्यांचा ऑनलाइन ग्रुप: डोस सोडून काहीही विचारा

ग्रुपचं नाव इथे देत नाही. लोक तिथे रिपोर्टपासून घरच्या भांडणांपर्यंत सगळं टाकतात, म्हणून आत घेतानाच निदानाचा कागद बघतात. माझ्या मते हीच पहिली जमेची बाजू. फी नाही. रोजची चौकशी व्हॉट्सॲपवर आणि रविवारी सकाळी झूमवर बैठक.

सकाळीच का, ते हा आजार असलेल्याला सांगावं लागत नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये नसेचा निरोप स्नायूनं जिथे घ्यायचा, त्या जागाच आपल्या शरीरातल्या अँटिबॉडी अडवून बसतात. सकाळी माणूस ठणठणीत असतो, मग वापर होईल तसतसे स्नायू ढेपाळतात. मी बेस्टचा कंडक्टर, सध्या डेपोत टेबलावर. दुपारपाळीला दादर येईपर्यंत माझा आवाज नाकातून यायचा, पापणी लोंबायची, एका पॅसेंजरचे दोन दिसायचे. लोकांना वाटायचं, गडी टाकून आलाय. ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा कुणी हळहळलं नाही. भांडुपच्या एका बाईंनी एवढंच विचारलं, "पापणी कुठली, डावी का? माझी पण."

बहुतेक बोलणं व्हॉइस नोटवर चालतं. अक्षरं दोन-दोन दिसत असताना टाइप कोण करणार! नोट सुरू होते तेव्हा आवाज खणखणीत, मिनिटभरात शब्द बोबडे, मग नुसताच पंख्याचा आवाज. थोड्या वेळानं त्याच माणसाची पुढची नोट येते. कुणी "नीट बोला" म्हणत नाही. डेपोत हे सुख नाही.

खरा फायदा बारीकसारीक गोष्टींत झाला. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीच्या वेळा ओपीडीत लिहून मिळाल्या होत्या, पण ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतली की चावायला ताकद राहते, हे इथे कळलं. मागे इतकी गर्दी असताना डॉक्टर तरी किती सांगणार? भाकरी आमटीत कुस्करायची, जबडा दमला की हनुवटीला हाताचा टेकू द्यायचा. गोळीनं पोटात कळ येऊन पळावं लागतं, त्यावर सोबत दोन बिस्किटं खायची. (बसवर ड्यूटी असताना पळणार कुठे, हे फक्त कंडक्टरलाच कळेल.)

टाळायच्या औषधांची यादी मात्र सोन्यासारखी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिकनं मायस्थेनिया बळावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०११ मध्ये तसा ठळक इशारा गोळ्यांच्या माहितीपत्रकात घालायला लावला. यादीची प्रिंट काढून पाकिटात ठेवलीय. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी लघवीच्या इन्फेक्शनला नेमकी सिप्रो लिहिली. यादी दाखवल्यावर त्यांनी कुरकुर न करता बदलून दिली.

आता तक्रारी. डोसवर चर्चा नको असा नियम आहे, तरी कुणीतरी टाकतंच, "मी प्रेडनिसोलोन बंद केलं, एकदम मस्त वाटतंय." स्टेरॉइड असं मनानं एकदम सोडणं धोक्याचं. ॲडमिन मेसेज उडवतात, पण तोवर चाळीस जणांनी वाचलेला असतो. मुळापासून बरं करणारे काढेही येतात. व्हेंटिलेटरवरचे फोटो टाकायची हौस काहींना का असते देव जाणे. नवीन माणसाची झोप उडते. एकदा रात्री एकानं "धाप लागतेय, काय करू" विचारलं आणि उत्तरात प्राणायाम सुचवले गेले! या आजारात श्वासाचे स्नायू थकले तर खेळ तासांचा असतो. त्यानंतर ॲडमिननी वर पिन करून टाकलं: श्वास लागला, गिळता येईना, तर इथे लिहू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. हे आधीच हवं होतं.

पाचपैकी चार देईन. एक तारा कापला तो भाषेसाठी. झूमवर सगळं इंग्रजी आणि थोडं हिंदी. आमच्या हिला खूप विचारायचं असतं, माझं पथ्यपाणी तीच सांभाळते, पण ती तासभर कॅमेरा बंद करून बसते. मराठीत वेगळी बैठक ठेवा असं ॲडमिनना कळवलंय. कुणी पुढे येत नसेल तर मी चालवतो म्हटलं, फक्त अकराच्या आत आटपायला हवी.