कांदावू बेटावरील गावात साडेतीन महिने: एका कुटुंबासोबत राहण्याचा अनुभव

2023 च्या मे महिन्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मी आणि माझे पती फिजीमधील कांदावू बेटावर, समुद्रकाठच्या एका लहान गावात, एका इतौकेई म्हणजे मूळ फिजियन कुटुंबाच्या घरी राहिलो. आठ दिवसांच्या मुक्कामावर लिहिलेले पुष्कळ वाचायला मिळते. आम्ही जाण्यापूर्वी तेच वाचले होते आणि त्यातले बरेचसे पहिल्या आठ दिवसांपुरतेच खरे निघाले. म्हणून पुढे काय होते ते सविस्तर लिहीत आहे.

राजधानी सुवाहून जहाजाने बेटावर आणि तिथून छोट्या होडीने गावात पोहोचलो. उतरल्यावर सामान घरात नेण्याआधी सेवुसेवु करावा लागतो, म्हणजे गावात राहण्याची परवानगी मागावी लागते. त्यासाठी यंगोनाच्या, अर्थात कावा या झुडपाच्या, वाळलेल्या मुळांची जुडी सोबत न्यावी लागते; आम्ही सुवाच्या बाजारातून अर्धा किलो घेतली होती. गावाच्या कारभाऱ्याला तुरांगा नि कोरो म्हणतात. त्याने आमच्या वतीने ती जुडी प्रमुखापुढे ठेवली, तानोआ या लाकडी परातीत यंगोना कालवली गेली आणि करवंटीच्या वाटीतून आम्हाला दिली गेली. पिण्यापूर्वी ओंजळ जुळवून एक टाळी, एका दमात वाटी रिकामी, मग तीन टाळ्या. चव मातकट असते आणि जीभ थोडी बधिर होते. स्त्रियांनी खांदे व गुडघे झाकलेले असावेत, गावात कोणीही टोपी घालू नये आणि बसलेल्या माणसांसमोरून जाताना वाकून ‘तिलोउ’ म्हणावे, एवढे पाळले की सुरुवातीला अडचण येत नाही.

पहिले तीन आठवडे आम्ही पाहुणे होतो आणि तेच दिवस मला सर्वांत जड गेले. चटईवर स्वच्छ कापड अंथरून आम्हाला आधी वाढले जाई. तळलेला मासा, दालोचे म्हणजे अळूचे कंद, पोळी, सगळे भरपूर. घरातल्या बायका मात्र आमचे आटोपल्यावर बसत. मी रत्नागिरीकडच्या मोठ्या घरात वाढले आहे. मागच्या पंगतीला काय उरते, हे मला कोणी सांगायला नको होते. ‘आमच्यासोबत बसा’ असे म्हटले की त्या हसून मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होई.

हे बदलले ते स्वयंपाकाच्या खोपीत. नारळ खवण्यासाठी तिथे बसायचा लाकडी पाट असतो आणि त्याच्या पुढच्या टोकाला दातेरी लोखंडी पाते. आपल्या कोकणातल्या खवणीशी त्याचे नाते पाहताक्षणी कळते. एका संध्याकाळी मी न विचारता त्या पाटावर बसले आणि नारळ खवू लागले. घरधनीण काही क्षण पाहत राहिली, मग काही न बोलता दुसरी वाटी माझ्याकडे सरकवली. खवलेले खोबरे सोडणाच्या तंतूंत धरून पिळायचे, म्हणजे दाट रस निघतो, त्याला लोलो म्हणतात. त्यात शिजवलेला रोउरोउ म्हणजे आपल्या अळूची पाने. घशाला खाज येईल या धास्तीने मी चिंच मागितली. तिने फक्त पाने पूर्ण मऊ होईतो थांबायला लावले आणि तेवढे पुरले. त्या दिवसापासून माझे ताट खोपीतल्या चटईवर, बायकांच्या बरोबरीने वाढले जाऊ लागले.

शाकाहारी वाचकांसाठी सांगते, उपाशी राहण्याची वेळ येत नाही. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो तावियोका म्हणजे कसावा रोजच्या जेवणात असतो, नीरफणस असतो, भाजीची पाने असतात. पोळीचे मूळ वेगळे आहे. 1879 ते 1916 या काळात साठ हजारांहून अधिक हिंदी मजूर करारावर फिजीत नेले गेले, त्यांची पोळी या गावांच्या चुलीवर पोहोचली आणि तिचे नावही ‘रोटी’ असेच राहिले.

पैशांविषयी स्पष्ट लिहायला हवे. आम्ही माणशी दररोज 80 फिजी डॉलर, तिन्ही जेवणांसह, या दराने एका मध्यस्थामार्फत पहिल्या महिन्याची रक्कम आगाऊ भरली होती. त्यातली जेमतेम निम्मी रक्कम कुटुंबापर्यंत पोहोचली होती, हे आम्हाला सहाव्या आठवड्यात आणि तेही बोलण्याच्या ओघात कळले. त्या माणसांनी त्याविषयी एक अक्षरही काढले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. पुढचे पैसे आम्ही घरधनिणीच्या हातात दिले. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच दिवशी कुटुंबाला काय मिळाले ते विचारा.

नातेसंबंध हा या अनुभवाचा गाभा आहे आणि नेमका तोच आम्हाला उशिरा समजला. गावात कोणालाही नात्याबाहेर ठेवता येत नाही. घरधनिणीने माझ्या पतींना भाऊ मानले, त्यामुळे मुलांचे ते ‘मोमो’ झाले आणि मी ‘नेई’. मोमो म्हणजे आईचा भाऊ. शब्द ऐकून आम्हाला कौतुक वाटले होते. मग एके दिवशी पतींचा डोक्याला बांधायचा दिवा दिसेना. तो थोरल्या मुलाने रात्रीच्या मासेमारीसाठी नेला होता, न विचारता. पती रागावले. गावातल्या एका वयस्कर शिक्षकांनी शांतपणे समजावले की बहिणीच्या मुलाला, म्हणजे वासूला, मामाच्या वस्तूंवर हक्क असतो. मामा व्हायला तुम्ही होकार दिलात तेव्हाच दिवा त्याचा झाला. शिवाय केरेकेरे ही रीत सगळ्यांनाच लागू आहे: नातलगाने गरज सांगून वस्तू मागितली तर नकार देत नाहीत. हीच रीत उलट दिशेनेही चालते. मला डेंग्यू झाला तेव्हा शेजारच्या तीन घरांतून आळीपाळीने शहाळी येत होती आणि दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या होडीच्या इंधनाचे पैसे कोणी दिले, हे मला शेवटपर्यंत कळू दिले नाही.

उणिवाही आहेत. एकांत जवळजवळ मिळत नाही. पावसाचे साठवलेले पाणी जपून वापरावे लागते, स्नानगृह अंगणापलीकडे आहे आणि डास फार. यंगोनाच्या बैठका मध्यरात्रीपर्यंत चालतात. मांडी घालून तीन तास बसणे ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही त्यांनी आधीच सांगावे, लोक भिंतीलगत जागा देतात. रविवारी मासेमारी, पोहणे, कपडे धुणे सारे बंद. लालीचा, म्हणजे लाकडी नगाऱ्याचा, ठोका पडला की गाव चर्चमध्ये जाते. आम्ही हिंदू असूनही मागच्या बाकावर बसत असू. कोणत्याही वाद्याशिवाय चार स्वरांत होणारे ते गायन मी एकाही रविवारी चुकवले नाही.

घरातली आजी, बुबू, केवड्याच्या जातीच्या वोइवोइ पानांची चटई विणत असे. काटेरी कडा काढायच्या, पाने उकळायची, उन्हात वाळवायची, मग शिंपल्याने घासून मऊ करायची. माझी बोटे दुसऱ्याच दिवशी सोलवटली. तिने विणलेल्या पट्ट्यांत माझी वाकडी ओळ तशीच ठेवली.

निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा यंगोनाची जुडी न्यावी लागते. त्याला इतातौ म्हणतात. जाण्याची परवानगीही मागायची असते. माझ्या पतींनी पाठ केलेली चार वाक्ये मध्येच अडखळली, तेव्हा ज्या मुलाने दिवा नेला होता त्याने मामाच्या वतीने ती पुरी केली. सकाळी बुबूने ती चटई गुंडाळून आमच्या होडीत ठेवली.