घरच्या बोअरची "परवानगी काढून देतो" म्हणणाऱ्यापासून सांभाळून राहा

दारव्हा तालुक्यात आमचं गाव आहे, भावानं गावाच्या कडेला नवीन घर बांधलं, नळ येते दोन-तीन दिवसाआड, म्हणून अंगणात बोअर मारायचं ठरलं. उन्हाळा लागला की बऱ्याच जणांचं हेच सुरू असते म्हणून सगळं लिहून राहिलो, लांब होईल पण वाचा.

एजंट स्वतःच आला, स्लॅब पडलेला दिसला की हे लोक बरोबर येतात. आल्या आल्या म्हणे, "दादा, आता 200 फुटाच्या खाली जायले कलेक्टरची परवानगी लागते, नाही तं गाडी जप्त करते. तुम्ही टेन्शन नका घेऊ, कागदाचं माह्याकडं लागलं." आता मेख अशी आहे की हे पूर्ण खोटं नाही. 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम आहे, 1 जून 2014 पासून लागू झाला, त्यात 60 मीटर म्हणजे 200 फुटाच्या आसपास खोल गेलेल्या विहिरीला, बोअर धरून, मनाई आहे, पण ती शेती आणि कारखान्यासाठी. घरच्या प्यायच्या पाण्यासाठी ते कलम नाहीच. घरवाल्यानं बघायचं असते ते दुसरंच, की गावाला पाणी देणारी सरकारी विहीर किंवा बोअर 500 मीटरच्या आत येते का, तसं असेल तर आधी रीतसर अर्ज करावा लागते. आमच्या नळयोजनेची विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि ह्या एजंटनं त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणजे जी परवानगी लागत नव्हती तिचे 6,500 घेतले आणि जी लागत होती तिचं नावच नाही!

कागद मात्र झकास आणला, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, इंग्रजीत सही. भावानं फाईलला लावून ठेवला. नंतर मी तो उन्हात धरून पाहिला तर गट नंबरच्या जागी व्हाईटनर लावून वर पेनानं आमचा नंबर लिहिलेला, आणि गावाचं नाव एका ठिकाणी बदलायचं राहूनच गेलं होतं, तिथं नेर तालुक्यातलं कोणतं तरी गाव. जावक क्रमांक नाही, तारीख नाही. तहसीलमधल्या बाबूनं एक नजर टाकली अन म्हणे हा आमचा कागदच नाही.

मग जागा पाहायचं नाटक. नारळवाला पाणाड्या नको असं भाऊ म्हणला होता, तर हा बॅगेत मशीन घेऊन आला, 3,000 फी. चार लोखंडी सळया अंगणातच एकेका पावलावर ठोकल्या, वायरी जोडल्या, स्क्रीनवर निळे-लाल पट्टे, आणि जाहीर केलं की 480 फुटावर दोन इंची पाणी आहे. अशी तपासणी खरोखर असते बरं, सळया ठोकून जमिनीत करंट सोडतात आणि दगड किती अडवते ते मोजतात, म्हणून लोक फसतात. पण सळया जितक्या दूर पसरवाल तितकंच खालचं दिसते. 480 फुटाचं पाहायचं तर वायर दोन्ही बाजूला शेकडो फूट, म्हणजे अंगण सोडून वावरात न्यावी लागते. पावलापावलावर ठोकलेल्या सळयांना पावलापावलाएवढंच कळते, म्हणजे वरची माती.

गाडी रात्री आली, पासिंग बाहेरच्या राज्याचं. मुरूम संपता संपता भुकटी ओली यायला लागली आणि 65-70 फुटावर चांगलं पाणी उडालं, आमच्या मायनं तर हळदकुंकू आणलं होतं! एजंट म्हणे, "काकू, हे वरचं पाणी आहे, मे महिन्यात आटते, हे केसिंगनं बंद करू, खाली नदी आहे नदी." आणि 80 फूट केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात बसवायचा पाईप, ठोकलं, 350 रुपये फुटानं.

माझ्या मते खरा दरोडा इथं पडला. आपल्या यवतमाळचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर बसलेले. पाणी राहते ते वरच्या मुरमात, फुटलेल्या दगडात, भेगांत आणि थराच्या माथ्यावरच्या छिद्राछिद्राच्या दगडात. मधला पाषाण अखंड, त्यात भेग लागली तर नशीब, नाही तर नुसती राखाडी भुकटी. म्हणून तर आजोबांच्या काळच्या विहिरी 40-50 फुटाच्या आहेत आणि अजून चालतात. केसिंग हे कच्ची माती-मुरूम ढासळू नये म्हणून, पक्क्या दगडात थोडं बसलं की थांबवायचं असते. ह्यानं ते पाणी लागलेल्या भेगेच्याही खाली नेलं, म्हणजे जे पाणी होतं तेच पैसे घेऊन बुजवलं. आणि वर बुजवल्याशिवाय खाली जायला कारणच उरत नव्हतं ना!

भाव असा होता, 300 फुटापर्यंत 95 रुपये फूट, पुढच्या शंभरला 110, त्याच्या पुढं 130, 500 च्या पुढं 155. तोंडी. जागा दाखवणारा आणि गाडीवाल्याकडून कमिशन खाणारा माणूस एकच, मग तो 70 फुटावर थांबा कशाला म्हणेल? पहाटे 520 फूट झालं म्हणून 55,600 चं बिल फाडलं, केसिंगचे 28,000 वेगळे. खाली नदी तर सोडा, रॉड बाहेर आले ते कोरडे.

पुतण्यानं मोबाईलवर रॉड लावतानाचे व्हिडिओ काढले होते, पोरांचा टाइमपास, पण तेच कामी आलं. त्या गाडीचा एक रॉड 20 फुटाचा, मोजले तर 22 पण होत नव्हते, म्हणजे 440 फूट पण नाही. मग नायलॉनच्या दोरीला वजन बांधून बोअरमधे सोडलं, 430 फुटाला टेकलं. म्हणजे 90 फूट हवेतलेच, आणि ते पण सगळ्यात महागड्या भावातले, 12,200 रुपये. एजंटला फोन लावला तर म्हणे खाली गाळ बसला असेल. अखंड पाषाणात 90 फूट गाळ! त्यानंतर नंबर बंद.

पोलीस स्टेशनला अर्ज दिला, त्यांनी बनावट कागदाचं घेतलं, बाकी पैशाचं ग्राहक आयोगात जा म्हणले. अडचण एकच, बिल म्हणजे साधी चिठ्ठी, त्यावर ना गाडी नंबर ना नोंदणी. त्याच भूजल कायद्यात बोअरच्या गाडीमालकाला नोंदणी करणं बंधनकारक आहे, ती मागून पाहा, इथंच निम्मे लोक पळतील. भाव आणि केसिंग किती फूट हे मशीन सुरू व्हायच्या आधी कागदावर घ्या, रॉड घरच्या माणसानं मोजा, पाणी लागलं की तिथं मशीन थांबवून किती येते ते पाहा आणि मगच पुढचं ठरवा.

जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं ऑफिस असते, लोकायले माहीतच नाही. ते निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमधे मोजतात, त्यामुळं आपल्या भागात पाणी साधारण किती फुटावर असते ते तिथले भूवैज्ञानिक बसल्या जागी सांगतात. मी गेलो तर साहेबानं चहा पाजला आणि अजून एक सांगितलं, की खोल पाणी लागलं तरी तपासल्याशिवाय पिऊ नका. पांढरकवड्याकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराईड निघालं आणि लोकांचे दात-हाडं गेले ते आपल्याच जिल्ह्यात. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर असलं तर ते पाणी प्यायचं नाही, आणि ते चवीनं कळत नाही.

भावानं आता मागच्या जुन्या विहिरीतला गाळ काढला, 500 मीटरवाला अर्ज पण टाकला. आणि तो बॅगवाला दिग्रसकडं फिरून राहिला असं परवा कळलं, ह्या वेळी म्हणे परवानगीसोबत सबसिडी पण काढून देतो सांगून आधार आणि पासबुकची झेरॉक्स मागते. देऊ नका.