स्लायडिंग खिडकीच्या फटी: आठ महिन्यांनंतर

डिसेंबरातल्या एका पहाटे आई म्हणाली, “अरे, पंखा बंद आहे ना? मग पडदा कशाने हलतोय?” खिडकी बंद होती, कडीसुद्धा लागलेली. नाशिकरोडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, उत्तरेला मोकळं मैदान. निफाड इथून जवळच, तेव्हा पारा एक आकडी होणं नवीन नाही. पण बंद घरात वारा थेट मानेवर यायचा, ते काही सहन होईना.

उदबत्ती पेटवली आणि चौकटीच्या कडेकडेने फिरवली. मला संशय होता भिंत आणि चौकट यांच्या सांध्यावर, पण तिथे धूर सरळ वर गेला. काचेची दोन सरकती दारं, म्हणजे शटर, मधोमध एकमेकांवर येतात तिथे आणि खालच्या ट्रॅकपाशी मात्र आडवा होऊन खोलीत शिरला.

आधी सगळे सुचवतात तेच केलं: स्पंजाची चिकटपट्टी. दोन रोल, साडेतीनशे रुपये. दोन दिवस मजेत गेले. मग शटर सरकवताना घासून घासून तिच्या शेवया झाल्या. उभ्या कडेला, जिथे शटर नुसतं टेकतं, तिथे ती टिकली खरी. पण एप्रिलच्या उन्हानंतर बोट लावलं की भुगा. पैसे वाया.

खरा उपाय अॅल्युमिनियमच्या दुकानात कळला. शटरच्या कडेला खाच असते आणि त्या खाचेत केसाळ पट्टी. दुकानदार तिला वूल पाइल म्हणतात. आमच्या सोळा वर्षांच्या पट्टीला पार टक्कल पडलं होतं! नवी मीटरवर मिळते; तीन खिडक्यांचं चारशेच्या आत भागलं. फक्त जुना तुकडा नमुन्याला न्या. मी अंदाजाने उंच केसांची आणली, तर शटर दोन्ही हातांनी ढकलावं लागायचं. परत गेलो, बुटकी आणली. शटर वर उचलून खालची बाजू आपल्याकडे ओढली की निघतं, पण काच जड, दोघं हवेतच. जुनी पट्टी ओढून काढायची, नवी खाचेत सरकवायची आणि टोकाशी खाच पक्कडीने जराशी दाबायची, नाहीतर पट्टी हळूहळू खाली घसरते.

फरक? बाहेर साधारण दहा अंश असताना पहाटे खोलीत अठरा दिसायचे, आता वीस. घर ऊबदार झालं म्हणणार नाही. काच एकेरीच आहे, हात लावला तर गारच लागते. पण पडदा हलायचा थांबला आणि आईची दुसरी गोधडी कपाटात गेली. उन्हाळ्यात खिडकीच्या कट्ट्यावरची धूळही निम्म्यावर आली, हे अनपेक्षित. रेल्वेचा भोंगा मात्र येतो तसाच येतो.

एक मूर्खपणा सांगून टाकतो. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. जानेवारीत मला वाटलं, वारा इथूनही येतोय, म्हणून सिलिकॉन भरून बुजवली. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, ट्रॅक काठोकाठ भरला आणि पाणी आत, थेट गादीवर. ती भोकं पाणी जायलाच ठेवलेली असतात. मग अर्धा दिवस ब्लेड आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मीच ती उकरली.

बाथरूमच्या झडपांना मुद्दाम हात लावला नाही. आत गॅस गीझर आहे. त्याच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. तिथला वारा तसाच राहू दे.

आता जुलै. हॉलच्या खिडकीत वीतभर पट्टी निसटली आहे, तिथून पाल येते. मी पक्कड शोधत होतो, तर आई म्हणाली, “राहू दे रे, डास तरी खाईल.”