नागपूरच्या कर्करोग रुग्णालयातील रेडिएशन विभाग : सहा आठवड्यांचा अनुभव

खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) जडलेल्या गालाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांना सोमवार ते शुक्रवार असे 30 वेळा, एकूण 60 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) रेडिएशन आणि सोबत सिस्प्लाटिन हे केमोथेरपीचे औषध सुचवले गेले. डॉक्टरांनी या औषधाच्या मात्रेचे दोन्ही पर्याय शांतपणे समजावले : दर तीन आठवड्यांनी शरीराच्या प्रति चौरस मीटरला 100 मिलिग्रॅम, किंवा दर आठवड्याला 40. शस्त्रक्रियेनंतरच्या अशा रुग्णांत साप्ताहिक पद्धत जगण्याच्या बाबतीत कमी पडत नाही आणि मूत्रपिंड व कानांना तिचा त्रास कमी होतो, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात दिसले. वडिलांना आधीच कमी ऐकू येत असल्याने आम्ही तीच निवडली, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

तंत्रज्ञ फार मायाळू होते. रेडिएशनच्या वेळी डोके स्थिर ठेवणारा जाळीदार मुखवटा काढल्यावर वडिलांच्या कपाळावर उमटलेली जाळी ते ओल्या कापडाने पुसत. मात्र यंत्र बंद पडले तेव्हा कोणी फोन केला नाही. पहाटेच्या एसटीने यवतमाळकडच्या आमच्या गावाहून येऊन आम्ही तसेच परतलो. रेडिएशनमध्ये खंड पडल्यास उपचाराचा परिणाम घटतो, म्हणून ही चूक मला गंभीर वाटते. चौथ्या आठवड्यापासून तोंड सोलवटून ज्वारीची पातळ आंबीलही गिळवेना. नाकातून नळी घालण्याचा सल्ला आधीच मिळायला हवा होता.